नऊ हातांची भिंत

पूर्वी, जेव्हा नद्यांना घाट नव्हते आणि रस्त्यांना नावे नव्हती, तेव्हा मंदगा नदीच्या काठी नंदिसेन नावाचा तरुण राजा राज्य करीत होता. त्याच्या नगरात बोधिसत्त्वाने वीटकऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. नगरातल्या साऱ्या वीटभट्ट्यांचा तो मुख्य होता. त्याच्या हातची वीट ठोकली की तांब्याच्या भांड्यासारखी वाजे, आणि त्याचा शब्दही तसाच खणखणीत असे, असे लोक म्हणत.

त्याच्या घरी नुकतीच एक सून आली होती. तिचे नाव तिष्या. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावातून ती आली होती. नव्या घरात आलेली मुलगी बोलते थोडे आणि पाहते फार. तिष्या तर माहेरीही कमीच बोलायची, त्यामुळे पाहायला तिच्याकडे बराच वेळ उरे.

पहिल्या आठ दिवसांतच तिच्या लक्षात आले की या घरातले दुधाचे मडके रोज उजवीकडे सरकते. स्वयंपाकघरात विटांचे दोन ठेंगणे खांब रचून त्यांवर फळी टाकली होती. मडके डाव्या टोकाला ठेवले तरी संध्याकाळपर्यंत ते उजवीकडे निघालेले असे.

"सासूबाई, ही फळी एका अंगाला उतरलीय," एके दिवशी ती म्हणाली.

"उतरेल नाही तर काय?" सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "डावा खांब मोठ्या महाराजांच्या विटांचा, उजवा धाकट्या महाराजांच्या. सात थर तिकडं, सात थर इकडं. बरोबरच आहे की."

"मग उजवीकडं आणखी एक थर रचला तर?"

"अगं बाई! मग ते आठ होतील. खापरी लाव म्हणजे झालं."

आणि त्यांनी फुटक्या मडक्याचा एक तुकडा फळीखाली सरकवून दिला. तो तुकडा त्यासाठी चुलीशेजारीच ठेवलेला असे. पुढे तिष्याने पाहिले की नगरात घरोघरी अशी खापरी होती. कुठे दाराच्या चौकटीखाली, कुठे बाजेच्या पायाखाली. "खापरी लाव" हा त्या नगराचा साऱ्या दुखण्यांवरचा उपाय होता.

याचे मूळ त्यांच्या एका रिवाजात होते. नवा राजा गादीवर बसला की त्याच दिवशी तो ओल्या मातीत आपला उजवा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दाबून ठेवी. तो ठसा भट्टीत भाजून कोठारात जपून ठेवीत, आणि त्या दिवसापासून तोच नगराचा हात. वीट, कापड, शेताची सीमा, पाटाची रुंदी, सारे त्याच हाताने मोजायचे. जुन्या राजाचा ठसा त्याच्या अस्थींबरोबर नदीत सोडून द्यायचे. मागचा राजा दीर्घबाहू नावाप्रमाणेच लांब हाताचा होता. नंदिसेन त्याचा मुलगा. लहानपणी त्याचा हात मोडला होता आणि तो पुरता वाढलाच नाही. बापाच्या हातापेक्षा तो चार बोटे कमी भरे. हे सर्वांना ठाऊक होते, आणि कोणीही कधी बोलत नसे. राजा उन्हाळ्यातही उजव्या खांद्यावरून शाल घेई. ते मात्र सर्वांना दिसे.

दुपारी तिष्या भट्टीवर जेवण घेऊन जाई. तिचा नवरा विटा वाहायला गेलेला असला की मामंजींचे जेवण होईपर्यंत तिला थांबावे लागे. बोधिसत्त्व पायाने विटांच्या मातीचा गारा तुडवीत असे आणि तिला वाटेल ते विचारू देई.

"मामंजी, आमच्याकडं शंभर माणसं राहतात आणि कुणाला राजा नाही. इथं एवढं सगळं कसं झालं?"

"गाळामुळं," तो म्हणाला. "पूर ओसरला की नदी काळा गाळ टाकून जाते. आपले पूर्वज नुसते पेरायला यायचे. पेरायचं, कापायचं, निघून जायचं. मग एका वर्षी कुणाला तरी वाटलं, बियाणं पाठीवर कशाला वाहायचं, इथंच ठेवू. बियाणं ठेवलं, म्हणून राखायला एक घर राहिलं. घर वाहून जाऊ नये म्हणून मातीचा उंचवटा केला. उंचवट्यावर शेजारी आले. धान्य ठेवायला मडकी लागली, म्हणून कुंभार आला. कुंभार पेरत नाही, त्याला दुसऱ्यानं खायला घालायचं, म्हणून सगळ्यांचं मिळून कोठार झालं. कोठार झालं म्हटल्यावर त्याच्या दारावर मुद्रा उठवणारा आला, आणि मुद्रा कुणाची यावरून भांडण नको म्हणून राजा आला."

"म्हणजे राजा सगळ्यांत शेवटी आला."

"हो. पण त्याला वाटतं आपण पहिल्यापासून आहोत," बोधिसत्त्व म्हणाला, आणि गाऱ्यात पाणी ओतले.

त्या दिवसांत साऱ्या नगराचे लक्ष एकाच कामाकडे होते. नगराभोवती पूर अडवणारी विटांची भिंत बांधली जात होती. दीर्घबाहूच्या काळात एकदा मोठा पूर आला होता. किती चढला याची खूण कोठाराजवळच्या शमीच्या खोडावर कोरली होती: साडेआठ हात. पुन्हा तसे होऊ नये म्हणून राजाने नऊ हात उंच भिंत बांधायला घेतली. निम्मी भिंत झाली आणि तो वारला. उरलेली निम्मी नंदिसेनाने पूर्ण करीत आणली होती. वरच्या पेठेकडची जुनी, आणि खालच्या आळीकडची नवी. खालच्या आळीत कुंभार, कोळी, विणकर आणि वीटकरी राहत. सर्वांचे कोठारही तिथेच होते, आणि कोठारात पुढच्या पेरणीचे बियाणे.

काम वेळेवर संपले तर मुख्य वीटकऱ्याला वरच्या पेठेत घर द्यायचे राजाने कबूल केले होते. दारात विहीर असलेले घर. सासूबाईंनी त्या घरात जाते कुठे ठेवायचे हेसुद्धा ठरवून टाकले होते.

दोन्ही भिंती जिथे भेटत तिथे नदीकडे उघडणारा दरवाजा होता आणि त्यावर चौकी. एके दिवशी भट्टीवरून परतताना तिष्या सावलीसाठी तिथे टेकली. वर पहारेकरी उभा होता. त्याच्या डाव्या हाताची भिंत त्याच्या छातीला लागत होती. उजव्या हाताची मांडीला. तिष्याने आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. भिंतींवर दर हाताला एक रेघ कोरली होती. तिने रेघा मोजल्या. डावीकडे नऊ. उजवीकडे नऊ.

"दादा," तिने हाक मारली, "ही इकडची भिंत बुटकी का?"

पहारेकऱ्याने दचकून आजूबाजूला पाहिले. "हळू बोल, वहिनी! बुटकी कशानं? रेघा मोज की."

"मोजल्या."

"किती?"

"नऊ."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि सुटकेचा श्वास टाकून नदीकडे तोंड करून उभा राहिला.

तिष्या उठली. घरी येऊन तिने फळीकडे पाहिले. खापरी निसटली होती आणि मडके पार उजव्या टोकाला जाऊन थांबले होते. आणखी बोटभर सरकले असते तर पडले असते. ती तशीच उलट्या पावली भट्टीकडे गेली.

"मामंजी," ती म्हणाली, "फळीवरचं मडकं ज्या अंगाला घसरतं, त्याच अंगाला पाणीही घसरेल ना?"

एवढेच ती बोलली. बोधिसत्त्वाने लगेच हात धुतले, दोर घेतला आणि तो शमीच्या खोडाकडे चालू लागला. खुणेपर्यंत दोर धरून त्याने गाठ मारली. मग तोच दोर नेऊन नव्या भिंतीला लावला. भिंत संपली तरी गाठ वर होती, हवेत. भिंत पुरापेक्षा एक हात खाली होती, आणि जुन्या भिंतीपेक्षा दीड हात. नऊ हातांत दर हाताला चार बोटे, म्हणजे छत्तीस बोटे कमी. हिशेब अवघड नव्हता. पण तीन वर्षांत तो कोणी केला नव्हता, कारण नऊ हे नऊच होते.

बोधिसत्त्वाने सुनेपुढे हात जोडले. तिष्या इतकी गोंधळली की तिने पदराने तोंड झाकून घेतले.

"या विटा मी भाजल्या," तो म्हणाला. "मोजून भाजल्या. मोजण्यातच इतका गुंतलो की पाहायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी तो सभेत गेला. तिष्यालाही त्याने बरोबर नेले. ज्याने पाहिले त्याने समोर असावे, असे त्याचे म्हणणे. ती खांबाआड उभी राहिली. तिथून राजाची शाल आणि अमात्य कलंब याचा चेहरा दोन्ही दिसत होते.

बोधिसत्त्वाने दोर जमिनीवर पसरला आणि सारे सांगितले. अमात्य कलंब हसला.

"वीटकरीबुवा, शमीवर साडेआठ लिहिलंय. भिंत नऊ आहे. नदीला काय मोजता येतं का?"

"येत नाही, अमात्य. म्हणून तर भीती वाटते."

"वीस वर्षांत तसा पूर आलेला नाही. आला आणि कुठं गळलंच, तर खापरी लावू."

लोक हसले. राजा हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि तिष्याला वाटले, याला राग आला आहे त्याहून जास्त लाज वाटते आहे.

"माझा हात तोकडा आहे, असं म्हणायचंय तुला?" त्याने हळूच विचारले.

या प्रश्नाला हो म्हटले तर काय होईल हे ठाऊक होते, आणि नाही म्हटले तर वरच्या पेठेतले घर तसेच उभे होते, दारातल्या विहिरीसकट.

"महाराज, तुमचा हात तुमच्या खांद्याला जेवढा हवा तेवढा आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "त्यात काही कमी नाही. पण भिंत दीड हात कमी आहे. खालच्या आळीत तीनशे घरं आहेत. विटा मी भाजल्या, तेव्हा चूक आधी माझी धरा. पण भिंत वाढवा."

राजा उठून आत गेला. कलंबाने बोधिसत्त्वाच्या कमरेचा तांब्याचा साचा काढून घेतला. त्या साच्यावरच भट्टीचा मुख्य ओळखला जाई. नगराच्या भट्ट्यांतली एकही वीट यापुढे त्याला मिळणार नाही, असेही बजावले.

घरी सासूबाई सारे ऐकून गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की तिष्याला जास्त भीती वाटे.

"एक शब्द," शेवटी त्या म्हणाल्या. "नाही, एवढा एक शब्द. तेवढ्यात विहीर दारात आली असती. आयुष्यभर घागरी वाहिल्या मी, खांद्याला घट्टे पडले. पण तुम्हाला राजाला भूमिती शिकवायची होती."

बोधिसत्त्व घराची भिंत चाचपत होता. तिष्याच्या आधी ते सासूबाईंना कळले.

"काय पाहताय?" त्यांनी विचारले. मग त्यांना उत्तर नको झाले. "आपलं घर उतरवणार आहात."

"भट्टीच्या विटा राजाच्या आहेत. या आपल्या आहेत."

तिष्याचा नवरा दारात उभा राहून आलटून पालटून आईकडे आणि बापाकडे पाहत होता. मग सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, मडके उतरवून ठेवले आणि उजव्या खांबाची सगळ्यांत वरची वीट दोन्ही हातांनी उपटून आणून नवऱ्याच्या पायाशी टाकली.

"ही आधी न्या. तशीही मेली तिरकीच होती."

चार दिवसांत त्यांचे घर जमिनीला आले. उरले चुलीचे तीन दगड आणि वर ताणलेली चटई. मोठ्या विटा बाहेरच्या अंगाला, लहान आतल्या अंगाला, मध्ये बोरूच्या चटया आणि गारा, अशी बोधिसत्त्व भिंत चढवू लागला. दोन मापांच्या विटा एकमेकींत गुंतत नाहीत. सांधा मिळावा म्हणून कितीतरी फोडाव्या लागल्या. पहिल्या दिवशी खालच्या आळीतले लोक नुसते पाहत होते. दुसऱ्या दिवशी एका कोळ्याने आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या विटा आणून दिल्या. "माझ्या कोंबड्या तुम्हाला शिव्या देतायत, बाबा," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी लोक आपापल्या घराची एकेक भिंत उतरवू लागले. विणकरणी टोपल्या भरत, तिष्या त्या डोक्यावरून वाहून नेई. संध्याकाळी ती आडवी होई तेव्हा तिला आपली मान स्वतःची वाटत नसे.

नवव्या दिवशी नदी चढली.

वर आभाळ निळेभोर होते, ढगाचा ठिपका नव्हता. डोंगरावरचे बर्फ वितळले की मंदगा नेहमीच अशी चढे, पण एवढी गेल्या वीस वर्षांत कधी नाही. सकाळी चार रेघा बुडाल्या, दुपारपर्यंत आठ. मुळासकट उपटलेली झाडे भिंतीवर येऊन आदळत होती. एक अख्खे छप्पर वाहत गेले. त्यावर शेळी बसली होती आणि काठावरच्या माणसांकडे शांतपणे पाहत होती. छपराच्या गाठी तिष्याच्या माहेरच्या होत्या. तिने ओळखल्या आणि कोणाला काही सांगितले नाही. टोपली पुन्हा डोक्यावर घेतली.

भिंत सगळीकडे चढली होती. फक्त कोठारासमोरची वीस पावले राहिली होती. आणि विटा संपल्या होत्या.

तेवढ्यात लोकांत कुजबुज झाली. राजा आला होता. छत्र नव्हते, अमात्यही नव्हता. वरच्या पेठेच्या गच्चीवरून त्याला दोन्ही भिंती आणि मधले पाणी एकाच नजरेत दिसले असणार. ते वर जुन्या भिंतीला पुष्कळ खाली वाटत होते, आणि इकडे काठोकाठ. तो मचाणावर चढून त्या वीस पावलांपाशी उभा राहिला. जवळ तिष्याच होती, रिकामी टोपली घेऊन.

"वर यायला किती हात राहिलंय?" त्याने तिला विचारले.

"कुणाच्या हाताने, महाराज?" तिष्या म्हणाली.

तिला उद्धटपणा करायचा नव्हता. तिला खरोखरच उत्तर ठाऊक नव्हते. पण बोलून गेल्यावर तिच्या हातातली टोपली खाली पडली, आणि भिंतीवरचे सारे लोक जिथल्या तिथे थांबले.

राजाने तिच्याकडे पाहिले. मग त्याने खांद्यावरची शाल काढली. तो गादीवर बसला त्या दिवसानंतर नगरात कोणी तो हात उघडा पाहिला नव्हता. बारीक होता, कोपराशी किंचित वाकडा. तो भिंतीवर पालथा पडला आणि त्याने तो हात पाण्याच्या दिशेने खाली सोडला. कोपर विटेला लागायच्या कितीतरी आधी त्याची बोटे भिजली.

"चार बोटं," तो उठून म्हणाला. "हातांची गोष्टच नाही. चार बोटं राहिलीत." आणि वळून सेवकांवर ओरडला, "सभामंडपाचा ओटा उकरा! सिंहासनाखालचा. सगळा!"

तो ओटा त्याच्याच हाताच्या मापाच्या विटांचा होता. वरच्या पेठेपासून कोठारापर्यंत माणसांची रांग लागली आणि विटा हातोहात येऊ लागल्या. राजा रांगेत उभा राहिला. त्याच्या एका बाजूला कोंबड्यांचा धनी कोळी होता आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई. "जरा भरभर द्या," सासूबाई म्हणाल्या. तो राजा आहे हे त्यांना चौथ्या विटेला कळले. तरी त्यांनी वेग कमी केला नाही.

संध्याकाळी पाणी नववी रेघ ओलांडून तिच्याही वर हातभर चढले. चढवलेली भिंत झिरपली, ओली झाली, एका ठिकाणी फुगली. बोधिसत्त्व तिथे पाठ लावून बसून राहिला. दीड दिवस नदी तशीच उभी होती. मग ती उतरू लागली.

खालच्या आळीतले एकही घर गेले नाही. म्हणजे जी उतरवली नव्हती त्यांतले. बियाणे कोरडे राहिले.

तिसऱ्या दिवशी तिष्याच्या माहेराहून निरोप आला. गोठे वाहून गेले, माणसे डोंगरावर चढली होती, ती सुखरूप आहेत. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. सासूबाई नुसत्या जवळ बसून राहिल्या.

पूर पूर्ण ओसरल्यावर राजाने गाळाने भरलेल्या अंगणातच सभा भरवली, कारण सभामंडपाला आता ओटा नव्हता. त्याने आपल्या हाताचा भाजलेला ठसा आणवला आणि ओल्या मातीचा एक गोळाही.

"माझ्या मापानं नगर बुडालं असतं," तो म्हणाला. "वीटकरीबाबा, पुढं या. आजपासून तुमचा हात हा नगराचा हात. मातीत ठसा उठवा. वरच्या पेठेतलं घरही तुमचं."

लोकांनी एकच जल्लोष केला. तिष्याने मामंजींच्या हाताकडे पाहिले. विटांनी घासून रुंद झालेला, चांगला लांब, भरदार हात. या हाताने मोजले तर सारे नीटच होईल, असे तिलाही वाटून गेले.

बोधिसत्त्वाने हात जोडून मागे घेतले. "महाराज, हा हातही एक दिवस नदीत जाईल. माझ्यानंतर माझ्या मुलाचा येईल. तो माझ्याहून बोटभर आखूड आहे."

"मग माप कुणाचं?" राजाने विचारले.

"कुणाचंच नको. जे या राजाबरोबर मरत नाही आणि त्या राजाबरोबर जन्मत नाही, असं काहीतरी हवं." त्याने कमरेच्या पिशवीतून मूठभर सातूचे दाणे काढले, कोठारातले, त्या वर्षी वाचलेले. "हे पाहा. हे नदीनं दिलेत. श्रीमंताच्या शेतातले घ्या, गरिबाच्या शेतातले घ्या, एवढेच असतात. पोटाला पोट लावून आठ दाणे म्हणजे एक बोट. चोवीस बोटं म्हणजे एक हात."

"सातू खायचे असतात, मोजायचे नसतात," गर्दीतून सासूबाईंचा आवाज आला. पण तिष्या पुढे होऊन गुडघ्यांवर बसली होती आणि गाळ बाजूला सारून फरशीवर दाणे मांडू लागली होती. ते काम तिला आवडले. सारी सभा एका नव्या सुनेचे दाणे मांडून व्हायची वाट पाहत उभी राहिली. राजाही उभा राहिला. एकदा तिला दाणा चुकल्यासारखा वाटला, तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या ओळीएवढी एक दगडी पट्टी घडवली. ती कोठारात ठेवली, आणि तिच्यासारखी एकेक प्रत्येक आळीत. राजाने आपला ठसा जिवंतपणीच स्वतः नदीत सोडला. त्यानंतर त्या नगरात वीट एकाच मापाची झाली: लांबी हातभर, रुंदी तिच्या निम्मी, जाडी त्याच्याही निम्मी. अशी वीट उभी लावा, आडवी लावा, दुसरीत बरोबर गुंतते. हळूहळू नदीकाठच्या इतर गावांनीही ती पट्टी मागून नेली. राजे बदलत राहिले, भिंती जुळत राहिल्या.

वरच्या पेठेतले घर बोधिसत्त्वाने घेतले नाही. भट्टी खाली, माती खाली, मी वर जाऊन काय करू, असे तो म्हणाला. राजाने मग खालच्या आळीतच सर्वांसाठी एक विहीर खणून दिली, नव्या विटांनी बांधून. ती सासूबाईंच्या दारापासून तीन घरांवर होती. "दारात नाही," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पण जवळ आहे."

नवे घर उभे राहिले. स्वयंपाकघरात दोन खांब रचून तिष्याने फळी टाकली आणि मडके ठेवले. सवयीने सासूबाई चुलीशेजारची खापरी घेऊन आल्या. तिष्याने एक हरभरा फळीच्या मधोमध ठेवला. दोघी पाहत राहिल्या. हरभरा हलला नाही.

सासूबाईंनी खापरी टाकून मात्र दिली नाही. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि ती पुन्हा चुलीशेजारी ठेवली.

ही गोष्ट शास्त्यांनी, भिक्षूंच्या गुरूंनी, विहाराच्या अंगणात सांगितली. नव्या चंक्रमणाची, म्हणजे भिक्षूंच्या येरझाऱ्यांच्या वाटेची, लांबी कोणाच्या पावलांनी मोजायची यावरून तिथे दोन भिक्षूंत वाद झाला होता, आणि शेवटी दोघांनीही शास्त्यांनाच पावले टाकायची विनंती केली होती. गोष्ट संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा नंदिसेन म्हणजे या वादातला पहिला भिक्षू. लवकर रागावतो, पण चूक कळली की आधी तोच वाकतो. अमात्य कलंब म्हणजे दुसरा. तो आता पुष्कळ सुधारला आहे. सासू म्हणजे आपल्याला रोज ताक आणून देणारी उपासिका. सून म्हणजे ती भिक्षुणी, जी आत्ताही सगळ्यांच्या मागे बसली आहे आणि ज्या खांबाला टेकली आहे तो कललेला आहे हे जिने सकाळीच पाहिले आहे. आणि वीटकरी मी होतो. तेव्हाही मी माझा हात मोजायला दिला नाही. आता पाऊल कसे देऊ? सातू आणा."

उपासिका हसून म्हणाली, "ताकाबरोबर सातूही मीच आणायचे वाटतं." मागे बसलेली भिक्षुणी उठली. तिने खांबाला हात लावून पाहिला.

आपल्याकडे किंवा परक्याकडे, थोराकडे किंवा लहानाकडे जराही न कलणारे मन, त्याला समभावाची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती अशी पूर्ण केली.